वेल्थी, रिच की वेल-ऑफ? इंग्लिशमध्ये ‘श्रीमंत’ कसं म्हणायचं: मराठी मीडियमवाल्यांसाठी पायरीपायरीने

शाळेत ‘हेल्दी, वेल्दी अँड वाईज’ सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. मग डिक्शनरी उघडली की वेल्थीसमोर श्रीमंत, रिचसमोर श्रीमंत, ॲफ्लुअंटसमोर श्रीमंत, वेल-ऑफसमोर सुखवस्तू किंवा श्रीमंत, आणि आपण म्हणतो चला, सगळे सारखेच, जो आठवेल तो वापरू. इथेच घोळ सुरू होतो. कारण समोरच्याला आपलं बोलणं कळतं पण कानाला खटकतं, आणि काय खटकलं ते कुणी सांगत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, इंग्लिश नोकरीसाठी शिकलो, आणि गेली बरीच वर्षं ऑफिसात नवीन येणाऱ्या मुलामुलींचे मेल तपासणं, इंटरव्ह्यूची तयारी करून घेणं हे आवडीने करतोय. त्यात या एका शब्दावर इतक्यांदा तेच तेच सांगावं लागलं की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. हे लिहिलंय बारावीनंतर इंग्लिश बोलायला लागलेल्यांसाठी, आयईएलटीएस किंवा बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांसाठी, मुलांकडे परदेशात चाललेल्या आईबाबांसाठी पण. एकच गोष्ट डोक्यात ठेवून वाचा: शब्दाचा अर्थ पाठ करायचा नाही, तो कुणाच्या शेजारी बसतो ते पाठ करायचं.

काय काय लागेल

फार काही नाही. केंब्रिज डिक्शनरी आणि ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी, दोन्ही वेबसाइट फुकट आहेत, दोन्हीत ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात आणि प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाची वाक्यं असतात. यूग्लिश नावाची एक साइट आहे, तिथे शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओत खरी माणसं तो शब्द जिथे बोललीत नेमकी ती क्लिप सुरू होते, उच्चारासाठी याच्याइतकं चांगलं दुसरं मला तरी सापडलं नाही. मोबाईलमधला रेकॉर्डर, एक साधी वही, आणि शक्य असेल तर रोज एक इंग्लिश पेपर. ट्रान्सलेटवर नुसता ‘श्रीमंत’ टाकून जे येईल ते उचलायचं मात्र नाही, एकटा शब्द टाकला तर त्यालाही कळत नाही तुम्ही कुणाबद्दल बोलताय, तो एक शब्द फेकतो आणि मोकळा होतो. टाकायचंच तर अख्खं वाक्य टाका.

१. आधी तोंडातून नीट काढा

आपण ‘वेल्दी’ म्हणतो, पण या शब्दात द नाहीये. ‘हेल्दी’मध्येही नाही. दोन्हीकडे थच्या जवळचा आवाज आहे, वेल्थी आणि हेल्थी, पण आपला ‘थोडं’मधला थ पण नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकंसं टेकवा आणि फक्त हवा सोडा, आवाज नाही. गळ्यावर बोटं ठेवून बघा, त्या क्षणी गळा थरथरला तर तुम्ही द काढताय, नाही थरथरला तर बरोबर. जमत नसेल तर साधा थ म्हणा, लोकांना कळतं, पण द नको. गंमत म्हणजे ‘वर्दी’, म्हणजे लायक, या शब्दाचं स्पेलिंग पण टीएचवायनेच संपतं आणि तिथे खरंच द सारखा आवाज आहे, म्हणून स्पेलिंगवरून अंदाज बांधू नका, ऐकून घ्या.

दुसरी गोष्ट सुरुवातीचा व. हा डब्ल्यूचा व आहे, वरचे दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत. ओठ गोल करून ‘उ’ म्हणायला घ्या आणि तिथूनच ‘एल्थी’वर जा.

आणि रिच. यातली इ ऱ्हस्व आहे. लांबवली की तो ‘रीच’ होतो, म्हणजे पोचणे. ‘आय वाँट टू बी रीच’ असं आत्मविश्वासाने म्हणणारी मुलं मी दरवर्षी बघतो. मराठीत बोलताना आपण ऱ्हस्वदीर्घ लिहिण्यापुरतं सांभाळतो आणि बोलताना सोडून देतो, इंग्लिशमध्ये ते सोडून चालत नाही, अर्थच बदलतो.

२. वेल्थी म्हणजे नेमकं काय

वेल्थी हा शब्द ‘वेल्थ’पासून आलाय, म्हणजे संपत्ती. आणि वेल्थचं मूळ ‘वील’ या जुन्या इंग्लिश शब्दात आहे, त्याचा अर्थ भलं, कल्याण, म्हणून तर राष्ट्रकुलाला इंग्लिशमध्ये कॉमनवेल्थ म्हणतात, तिथे कुणाच्या पैशाचा संबंध नाही, सगळ्यांचं भलं हा अर्थ आहे. आज मात्र वेल्थी म्हटलं की पैसा, जमीनजुमला, शेअर, घरं असं साठलेलं भरपूर असणं, आणि ते बऱ्याच काळापासून असणं असा वास त्या शब्दाला आहे.

साठलेलं आणि येणारं यातला फरक समजून घ्यायला आपल्याच देशातलं एक उदाहरण सांगतो. भारतात 1957 च्या कायद्याने वेल्थ टॅक्स होता, मराठीत संपत्ती कर. तो पगारावर नव्हता, शेवटच्या काही वर्षांत 30 लाखांच्या वर जी निव्वळ संपत्ती असेल तिच्यावर 1 टक्का असा होता. 2015 च्या बजेटमध्ये तो काढून टाकला आणि त्याच्या बदल्यात वर्षाला 1 कोटीपेक्षा जास्त करपात्र उत्पन्न असणाऱ्यांवर 2 टक्के जादा सरचार्ज लावला. तेव्हा इंग्लिश पेपरवाल्यांनी हा ‘सुपर-रिच’वरचा कर म्हणून छापलं. म्हणजे संपत्तीवर होता तेव्हा वेल्थ, उत्पन्नावर आला तेव्हा रिच. हा काही पक्का व्याकरणाचा नियम नाही, डिक्शनरीत दोन्ही शब्द एकमेकांच्या अर्थाला दिलेले सापडतील, आणि फायनान्सच्या रील्समध्ये ‘रिच वेगळा, वेल्थी वेगळा’ असं जे छातीठोकपणे सांगतात तेवढी कडक भिंत बोलण्यात नसते. पण कल तसा आहे, आणि बँकेत वेल्थ मॅनेजमेंट असतं, रिच मॅनेजमेंट कधीच नसतं, ते त्याच्यामुळेच.

आता वेल्थीच्या शेजारी कोण बसतं ते वहीत लिहून घ्या: वेल्थी फॅमिली, वेल्थी बिझनेसमन, वेल्थी मर्चंट, वेल्थी लँडओनर, वेल्थी डोनर, वेल्थी सबर्ब, वेल्थी कंट्री. म्हणजे माणूस, घराणं, वस्ती, देश. बस. याच्या बाहेर तो सहसा जात नाही. आधी काय लावायचं, तर व्हेरी चालतं, एक्स्ट्रीमली चालतं, गडगंज म्हणायचं असेल तर इमेन्सली वेल्थी किंवा फॅब्युलसली वेल्थी. इंडिपेंडंटली वेल्थी हा एक जोडशब्द लक्षात ठेवा, त्याचा अर्थ स्वतंत्र वगैरे नाही, ज्याला पोटासाठी नोकरी करायची गरजच नाही इतका पैसा आहे तो.

३. रिच: हा सगळीकडे जातो

रिचला माणूस, देश तर चालतातच, पण जेवण, माती, रंग, आवाज, इतिहास, भाषा, सगळं चालतं. इथे वेल्थी टाकलं की वाक्य मेलं. वेल्थी हिस्टरी, वेल्थी कल्चर हे मी मुलांच्या निबंधात नेहमी बघतो, ‘महाराष्ट्र हॅज अ वेल्थी कल्चर’, हे चूक. ‘महाराष्ट्र हॅज अ रिच कल्चर’ हे बरोबर.

खरं तर आपल्याला रिचचा हा वापर आधीपासून माहीत आहे, फक्त लक्षात येत नाही. साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस पैठणीचा पदर झटक्यात उलगडून म्हणतो ना, ‘ताई, रिच पल्लू आहे, लुक बघा किती रिच येतो’, तो इंग्लिश अगदी बरोबर बोलतोय. भरजरी, भरगच्च, डोळ्यात भरणारं, हा रिचचा अर्थ. हॉटेलात रिच ग्रेव्ही म्हणजे काजू, क्रीम, बटर घातलेली. महाग असेल नसेल, तो मुद्दा नाही.

यावरूनच एक जपायची जागा. ओळखीतल्या एक काकू मुलीकडे न्यूजर्सीला गेल्या होत्या, पोटाचा त्रास म्हणून डॉक्टरला दाखवलं, डॉक्टर म्हणाले ‘अव्हॉइड रिच फूड’. काकूंनी अर्थ काढला की बाहेरचं महागडं हॉटेलचं खाऊ नका, आणि घरी साजूक तुपातला शिरा, बासुंदी सुरूच. रिच फूड म्हणजे तूप, लोणी, साय, अंडी, साखर जास्त असलेलं जड जेवण, ते घरचं असलं तरी. तिकडे जाणाऱ्या आईबाबांना हा एक अर्थ तरी नक्की सांगून पाठवा.

‘इन’ लावून वापरायची सवय करा. रिच इन आयर्न, रिच इन फायबर, रिच इन व्हिटॅमिन सी. पॅकेटवर दिसेलच. वेल्थीला असं ‘इन’ लागत नाही. हेच उलटं करून एक शब्दही होतो, प्रोटीन-रिच, ऑइल-रिच, मिनरल-रिच. इंग्लिश पेपरात ‘मिनरल-रिच गडचिरोली’ असं येतं ते वाचून कुणी समजू नये की गडचिरोली श्रीमंत जिल्हा आहे असं ते म्हणतायत. जमिनीत लोहखनिज भरपूर आहे एवढंच ते म्हणतायत, वर राहणाऱ्या माणसांच्या खिशाबद्दल त्या शब्दात काही नाही. तिथल्या लोकांबद्दल वेल्थी वापराल तर धडधडीत खोटं होईल, आणि जमिनीबद्दल वेल्थी वापराल तर चुकीचं इंग्लिश होईल. दोन शब्दांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

संस्थांना बहुतेक वेळा रिच लागतो. मुंबई महापालिकेला इंग्लिश पेपर ‘रिचेस्ट सिव्हिक बॉडी’ म्हणतात, बीसीसीआयला ‘रिचेस्ट क्रिकेट बोर्ड’. देवस्थानांना रिचेस्ट पण वापरतात, वेल्थिएस्ट पण.

बाकी ‘अ वेल्थ ऑफ’ असा एक प्रयोग आहे तो वेगळा, त्याचा अर्थ भरपूर. अ वेल्थ ऑफ एक्स्पीरियन्स, अ वेल्थ ऑफ इन्फर्मेशन. रेझ्युमेमध्ये हा छान दिसतो, फक्त खरंच अनुभव असेल तर.

४. व्याकरणातले खड्डे

हे पटापट सांगतो, पण इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात.

‘ही इज अ रिच’ असं होत नाही. मराठीत ‘तो एक श्रीमंत आहे’ असंही कुणी म्हणत नाही खरं तर, पण इंग्लिश बोलताना ‘अ’ आपोआप तोंडात येतो. एक तर ‘ही इज रिच’ म्हणा, नाही तर ‘ही इज अ रिच मॅन’. मध्ये थांबायचं नाही.

श्रीमंत लोक, सगळे मिळून, म्हणायचं असेल तर द रिच किंवा द वेल्थी. पुढे एस लावायचा नाही, आणि क्रियापद अनेकवचनी: ‘द रिच आर गेटिंग रिचर’. ‘द रिच इज’ लिहिलं की गेलं. एका माणसाबद्दल ‘द रिच’ वापरता येत नाही.

रिच, रिचर, रिचेस्ट. वेल्थी, वेल्थियर, वेल्थिएस्ट, आणि लिहिताना शेवटचा वाय जाऊन आय येतो. मोअर रिचर हा शब्दच नाही, कुणी कितीही जोरात म्हटला तरी.

वेल्थ मोजता येत नाही, म्हणून वेल्थ्स नाही. रिचेस नावाचा शब्द आहे, तो कायम अनेकवचनी, ‘रॅग्स टू रिचेस’ म्हणजे फाटक्या परिस्थितीतून वर येणं. आणि रिचनेस म्हणजे श्रीमंती नव्हे! रिचनेस रंगाचा, चवीचा, भाषेचा. ‘हिज रिचनेस’ म्हणून कुणाच्या बंगल्यागाडीबद्दल बोलायचं नाही, तिथे ‘हिज वेल्थ’.

५. मराठीतला कुठला श्रीमंत मनात आहे ते आधी ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे श्रीमंतीचे शब्द काही कमी नाहीत, आणि आपण मराठी बोलताना ते अगदी अचूक वापरतो, सधन कुणाला म्हणायचं आणि गब्बर कुणाला हे शिकवावं लागत नाही. इंग्लिशमध्ये जाताना तेवढीच काळजी घेतली की झालं.

गर्भश्रीमंत असेल तर ‘बॉर्न इनटू अ वेल्थी फॅमिली’, किंवा घराण्याबद्दल ‘ओल्ड मनी’. आपण सोन्याचा चमचा तोंडात घेऊन जन्मला म्हणतो, इंग्लिशमध्ये तो चमचा चांदीचा असतो, सिल्व्हर स्पून, गोल्डन स्पून म्हणू नका.

नवश्रीमंताला ‘न्यूली रिच’. यासाठी ‘नूवो रीश’ असा फ्रेंचमधून आलेला शब्द पण दिसेल, तो हिणवणारा आहे, पैसा आला पण रीतभात आली नाही अशा अर्थाचा, वाचून समजून घ्या, वापरू नका.

खाऊनपिऊन सुखी किंवा सुखवस्तू असेल तर वेल्थी अजिबात नाही, तो फार मोठा शब्द होतो. तिथे कम्फर्टेबल किंवा कम्फर्टेबली ऑफ. थोडं वरचं असेल तर वेल-ऑफ, वेल-टू-डू.

ऊसपट्ट्यातला सधन शेतकरी: प्रॉस्परस फार्मर. पेपरात ‘प्रॉस्परस शुगर बेल्ट ऑफ वेस्टर्न महाराष्ट्र’ असं नेहमी येतं. भरभराट, चालता धंदा, बरकत, अशी छटा प्रॉस्परसमध्ये आहे. खूप जमीन असलेला मोठा बागायतदार असेल तर वेल्थी लँडओनर.

पैशाने गब्बर, मालदार, असं बोलीत म्हणायचं असेल तर लोडेड. ‘ही इज लोडेड’. मित्रांमध्येच.

मनाने श्रीमंत म्हणायचं असेल तर ‘रिच बाय हार्ट’ नको, बाय हार्ट म्हणजे पाठ करणे. ‘रिच ॲट हार्ट’ काही जण म्हणतात, कळतं, पण बोलीत ‘शी हॅज अ बिग हार्ट’ किंवा सरळ ‘शी इज जेनरस’ हे जास्त सहज वाटतं.

मोठ्या घरचा: ‘ही इज फ्रॉम अ बिग हाउस’ म्हटलं तर ऐकणारा खोल्या मोजेल. ‘फ्रॉम अ वेल्थी फॅमिली’ म्हणा.

आता काही शब्द मुळीच भाषांतर करायचे नाहीत. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती, श्रीमंत पेशवे, यातला श्रीमंत हा मान आहे, किताब आहे, श्री असलेला. पुण्यात पाहुणे घेऊन फिरताना एका मुलाने ‘वेल्थी दगडूशेठ’ असं समजावलेलं मी ऐकलंय, पाहुण्यांना वाटलं देवळाकडे पैसा खूप आहे म्हणून तसं नाव पडलं. तो शब्द तसाच ठेवायचा आणि विचारलं तर सांगायचं की आदराचा किताब आहे.

तसंच लखपती. मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे 100 कोटी, त्यामुळे लखपती म्हणजे मिलियनेअर होत नाही. आणि परदेशी माणूस मिलियनेअर ऐकल्यावर डॉलर किंवा पौंडात विचार करतो, रुपयात नाही. सरकारची लखपती दीदी योजना घ्या: बचत गटातल्या ज्या बाईच्या घराचं वर्षाचं उत्पन्न 1 लाख किंवा त्याहून जास्त झालं तिला लखपती दीदी म्हणतात. 1 लाख वर्षाला म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाहीत. ही कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे, तिचं कौतुकच आहे, पण तिचं ‘वेल्थी सिस्टर’ असं भाषांतर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये केलंत तर वाचणाऱ्याला बचत गटाच्या बायकांबद्दल भलतंच चित्र दिसेल. ‘लखपती दीदी’ तसंच लिहा आणि पुढे एका ओळीत उत्पन्नाचा आकडा द्या. नवकोट नारायणाचंही तेच, त्याचे नऊ कोटी मोजत बसू नका, फॅब्युलसली रिच म्हणून पुढे जा.

६. समोर कोण आहे ते बघा

मराठीत आपण तोंडावर ‘काय शेठ, पैसेवाले झालात’ म्हणतो आणि समोरचा हसतो. इंग्लिशमध्ये, विशेषतः ब्रिटिश लोकांमध्ये, समोरच्याला ‘यू आर व्हेरी रिच’ म्हणणं अंगावर येतं. तिसऱ्या माणसाबद्दल बोलतानाही ऑफिसात किंवा क्लायंटसमोर वेल-ऑफ, वेल्थी हे शब्द बरे, रिच जरा बोचतो. बँकेत तर अजून जपून बोलतात, मोठ्या ग्राहकाला एचएनआय म्हणतात, म्हणजे ज्याची निव्वळ मालमत्ता मोठी तो.

फिल्दी रिच आणि स्टिंकिंग रिच हे दोन शब्द मुलं वेब सिरीजमधून उचलतात. फिल्दी म्हणजे घाणेरडं, स्टिंकिंग म्हणजे वास मारणारं. यात राग किंवा असूया असते, मित्राशी चालेल, मॅनेजरच्या घराबद्दल बोलताना नाही.

आणि कुणी तुम्हाला ‘दॅट्स रिच!’ म्हणालं तर ते कौतुक नाही. रोज स्वतः उशिरा येणारा माणूस दुसऱ्याला वेळेवर ये म्हणून सांगतो तेव्हा त्याला ‘दॅट्स रिच, कमिंग फ्रॉम यू’ म्हणतात. आपल्या भाषेत, ‘तू बोलतोयस हे?’ यावर थँक यू म्हणायचं नसतं.

७. ॲफ्लुअंट, आणि त्याचा धोकादायक शेजारी

ॲफ्लुअंट हा लेखी, पेपरातला शब्द. ॲफ्लुअंट नेबरहूड, ॲफ्लुअंट सोसायटी, ॲफ्लुअंट कस्टमर्स. जोर पहिल्या ॲवर. आपण ज्याला पॉश एरिया म्हणतो त्याला लेखात ॲफ्लुअंट एरिया लिहिलं की बरोबर बसतं.

पण ॲ नीट काढा आणि स्पेलिंगमध्ये ए लिहा, ई नाही. कारण एफ्लुअंट म्हणजे सांडपाणी, कारखान्याचं सोडलेलं पाणी. तारापूर, डोंबिवली, अंबरनाथच्या एमआयडीसीकडे राहणाऱ्यांना सीईटीपी माहीत असेल, त्यातला ई हाच, कॉमन एफ्लुअंट ट्रीटमेंट प्लँट. रिअल इस्टेटच्या ब्रोशरमध्ये ‘एफ्लुअंट लोकॅलिटी’ छापून आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, स्पेलचेक ते पकडत नाही कारण शब्द खरा आहे.

ऑप्युलंट हा माणसापेक्षा वस्तूंना, ऑप्युलंट पॅलेस, ऑप्युलंट वेडिंग हॉल, झगमगाट असलेलं. एवढं पुरे.

८. बायोडेटा, मेल, इंटरव्ह्यू: तयार वाक्यं

लग्नाच्या इंग्लिश बायोडेटात ‘रिच फॅमिली’ लिहू नका, वाचणाऱ्याला तो तोरा वाटतो. वेल-टू-डू फॅमिली किंवा, भारतातच पाठवायचा असेल तर, वेल-सेटल्ड फॅमिली. वेल-सेटल्ड हा आपल्याकडचा इंग्लिश वापर आहे, परदेशात त्यातून नोकरी-पैसा-घर एवढा सगळा अर्थ निघत नाही. तिकडच्या स्थळासाठी सरळ वडील काय करतात, घर कुठे आहे ते लिहिलेलं चांगलं.

इंटरव्ह्यूत घरच्या परिस्थितीबद्दल विचारलं तर ‘माय फायनान्शियल कंडिशन इज गुड’ हे मराठी वाक्य इंग्लिश कपड्यात आहे. ‘वुई आर अ कम्फर्टेबल मिडल-क्लास फॅमिली’ म्हणा. परिस्थिती बेताची होती असं सांगायचं असेल तर ‘वुई वर नॉट वेल-ऑफ, बट माय पेरेंट्स नेव्हर लेट मी मिस अ फी’ असं साधं, खरं वाक्य. ‘आय बिलाँग टू’ भारतात चालून जातं, ‘आय कम फ्रॉम’ सगळीकडे चालतं.

वेल-ऑफचं एक लक्षात ठेवा, तुलना करताना तो बेटर ऑफ होतो, वेल-ऑफर नाही. आणि ‘यू वुड बी बेटर ऑफ टेकिंग द ट्रेन’ यात पैशाचा काही संबंध नाही, ट्रेनने गेलात तर बरं पडेल एवढंच. उलटा शब्द बॅडली ऑफ, तंगीत असलेला.

९. सराव कसा करायचा

वहीच्या एका पानावर वर रिच लिहा, दुसऱ्यावर वेल्थी, तिसऱ्यावर वेल-ऑफ, चौथ्यावर ॲफ्लुअंट. खाली अर्थ लिहायचा नाही. पेपर वाचताना हा शब्द दिसला की त्याच्या मागचा आणि पुढचा शब्द तेवढा टिपायचा. पान भरत गेलं की कान आपोआप तयार होतो, आणि वेल्थी सॉइल किंवा वेल्थी व्हॉइस असं काही तोंडात आलं तर आपल्यालाच अडखळायला होतं.

उच्चारासाठी यूग्लिशवर वेल्थीच्या क्लिप ऐका, मग स्वतःचं रेकॉर्ड करा, शाळेतलं तेच वाक्य घ्या, ‘हेल्थी, वेल्थी अँड वाईज’, सुरुवातीला हळू, द येतोय का बघत.

आणि ही वाक्यं आत्ताच इंग्लिशमध्ये करून बघा, मग खालची उत्तरं वाचा. आंबेगावची माती सुपीक आहे. तिचं माहेर सुखवस्तू आहे. तो व्यापारी गडगंज श्रीमंत होता. पालकात लोह भरपूर असतं. श्रीमंत लोक खासगी दवाखान्यात जातात. त्यांच्याकडे शेतीचा दांडगा अनुभव आहे.

उत्तरं: आंबेगाव हॅज रिच सॉइल. हर पेरेंट्स आर कम्फर्टेबली ऑफ. द मर्चंट वॉज इमेन्सली वेल्थी. स्पिनच इज रिच इन आयर्न. द रिच गो टू प्रायव्हेट हॉस्पिटल्स, इथे ‘गोज’ लिहिलं असेल तर चौथी पायरी परत वाचा. ही हॅज अ वेल्थ ऑफ एक्स्पीरियन्स इन फार्मिंग.